दिल्या पाण्यात

नरसी नामदेव
४ ऑगस्ट २०२४

प्रिय रागिणीताई,

बापू उद्या सकाळच्या गाडीनं तुझ्याकडे निघतील. त्यांच्या पिशवीत भाचीसाठी कुंची आहे, तुझ्यासाठी डिंकाचे लाडू आहेत आणि ओल्या पोत्यात गुंडाळलेले बारा शिंपले आहेत. लाडू तुझे, शिंपले माझे. पिशवीत अदलाबदल झाली तर तुझ्या दातांना मी जबाबदार नाही.

हसू नकोस. हे माझ्या एम.एस्सी.चं काम आहे. आपल्या कयाधूतून मी छत्तीस शिंपले काढले, सगळे एकाच डोहातले. बारा इथंच नदीत ठेवले. बारा साखऱ्याच्या पाझर तलावात, तिथं माझी मैत्रीण कोमल बघणार आहे. आणि बारा तुमच्या धरणाच्या पाण्यात. एकाच नदीची लेकरं तीन पाण्यांत वाढवायची आणि बघायचं, कोण किती वाढतं. सगळे म्हणतात बी तसं रोप. मला दाखवायचं आहे की पाणीही मोजलं पाहिजे. सर म्हणाले, हिंगोली जिल्ह्यातल्या शिंपल्यांवर असं काम त्यांच्या तरी पाहण्यात नाही. तेव्हापासून बापू वाड्यावस्त्यांवर सांगत सुटलेत की पोरगी सरकारी कामावर आहे. मी दुरुस्त करायचं सोडून दिलं.

तुझं काम एवढंच: टमाट्याच्या कॅरेटमध्ये वाळू टाकून शिंपले ठेवायचे, कॅरेटवर जाळी बांधायची आणि ते घाटाजवळ कमरेइतक्या पाण्यात ठेवायचं. प्रत्येकाच्या पाठीवर मी कानशीनं नंबर कोरला आहे. दर पुनवेला बाहेर काढून सोबतच्या मापानं लांबी घ्यायची आणि लिहून पाठवायची. दहावीला आपल्या शाळेत तुझ्याइतकं नीट मोजणारं कुणी नव्हतं. माय गेली नसती तर हे काम तू केलं असतंस, आणि मी तुझ्यामागं कॅरेट धरून उभी राहिले असते. हे मी विसरत नाही.

फोनवर आकडे नकोत. एक तर फोन भाऊजींबरोबर मेंढरांमागं हिंडत असतो, आणि तो घरी असला तरी तुमच्याकडची रेंज एका बाभळीखाली सापडते. पत्रच लिही. भाचीचंही लिही. दोन महिन्यांची झाली, मी अजून तिला पाहिलं नाही.

तुझी
मोहिनी

०

शेवरवाडी
२० ऑगस्ट

चि. मोहिनीस रागिणीचा आशीर्वाद.

बापू आले, एक रात्र राह्यले. कुंची लई मोठी झाली, दोन लेकरं बसतील. सासूमाय म्हणल्या, मोठीच बरी, नजरंला वाटंल घरात मोठं लेकरू हाय. तुला तर माहीत, पाच वर्सं वाट पाहून हे लेकरू झालं, म्हणून त्या फार जपतात. त्यायची स्वतःची तीन गेली. नजर लागू नये म्हणून पोरीला दगडी म्हणतात. बारसं बी केलं न्हाई. जावळ देवाच्या दारात निघंस्तोवर लेकरानं गावची वेस ओलांडायची न्हाई असा नवस हाय. जावळ माघात. तवर दिवाळीलाबी येणं होणार न्हाई.

आणखी एक. लेकराचं काही कागदावर लिहायचं न्हाई. सासूमाय म्हणतात, सटवाईनं पाचव्या राती कपाळावर लिहिलं ते लिहिलं, त्याच्यावर आपण लिहू नये, लिहिलेलं घट्ट होतं. पत्र टाकायच्या आधी मी त्यायला वाचून दाखवते. आत्ताबी समोरच बसल्यात. म्हणून दगडी बरी हाय, एवढंच.

परवा आशाताई वजनकाटा घेऊन आल्या होत्या. सासूमायनं दारातच सांगितलं, झोपलंय लेकरू. तोललेलं लेकरू वाढत न्हाई म्हणतात. (हे वाचून दाखवलं तर हसल्या, म्हणल्या लिही लिही, शिकलेल्या पोरीला कळू दे.)

तुझे बारा पाण्यात ठेवले. घाटावर बाया विचारतात, हे काय पेरलं? मी म्हणते, मोती पेरलेत, उगवले की देते. नंबर ध्यानात राहात न्हाईत म्हणून नावं ठिवली. एक थोरला हाय, एक वाकडा, एकीचं नाव सरपंचीण, कारण ती तोंड मिटतच न्हाई. सात नंबर सगळ्यात लहान, तिचं नाव बारकी. घरातबी मी एकीला मनातल्या मनात बारकीच म्हणते. दोघी बारक्याच. आकडे मागच्या कागदावर हायेत.

रागिणी

०

नरसी नामदेव
५ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझे आकडे बघून सर म्हणाले, हे कोणी घेतले? म्हटलं, माझ्या बहिणीनं. म्हणाले, ती कुठल्या कॉलेजात असते? मी म्हटलं, धरणावर.

पोळ्याला कयाधूला पूर आला. आमचं कॅरेट दोरासकट वाहून निघालं होतं, बापूंनी गळ्याइतक्या पाण्यात शिरून धरलं. शिंपले वाचले, बापूंची एक चप्पल गेली. आता रोज ऐकवतात, "तुझ्या सायन्सनं माझी चप्पल खाल्ली."

आता एक गोष्ट नीट समजून घे, म्हणजे तू घाबरणार नाहीस. शिंपला एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेला की तो काही दिवस वाढत नाही. मिटून बसतो. त्या दिवसांची त्याच्या पाठीवर एक काळी रेघ पडते. मग नवं पाणी अंगवळणी पडतं आणि रेघेच्या पुढं तो परत वाढायला लागतो. त्या रेघेवरून आम्हाला कळतं की याला कधी उचललं होतं. तेव्हा सुरुवातीला कुणी वाढलं नाही तर काळजी करायची नाही. थांबायचं. सारखं काढून बघायचं नाही.

आशाताईंना वजन करू दे. सासूमायना माझं नाव सांग, म्हणावं मोजल्यानं काही कमी होत नाही. मी रोज मोजते, सगळे जिवंत आहेत. बापू म्हणत होते, भाची कापसाच्या बोंडासारखी हलकी आहे, हातात घेतली तरी कळत नाही. ऐकून मला इतकं गोड वाटलं! परीक्षा झाली की येतेच.

तुझी
मोहिनी

०

शेवरवाडी
१९ सप्टेंबर

चि. मोहिनीस आशीर्वाद.

दगडी बरी हाय. पत्रातलं वजनाचं मी वाचून दाखवलं. सासूमाय उठून चुलीकडं गेल्या. मग मी पुन्हा काढलं न्हाई.

त्यायनं जुनी शिंप काढलीय, त्यांच्या लेकरांची. तिच्यात दूध पिळून थेंब थेंब पाजतो. पहिलं आपल्याकडंबी असंच पाजायचे, तुला मीच पाजलंय माय आजारी होती तवा. तू शिंपच चावायचीस.

बाकी शिंपले वाढून राहिले. बारकीचं मला काही समजंना. तोंड उघडती, जरा घेती, लगेच मिटती. दमल्यावानी. बाकीच्यांचं तसं न्हाई, ते घटाघटा पाणी घेतात. ही एवढंसं घेती आन तेवढ्यानंबी तिला घाम येतो म्हणावं असं होतं. ओठाजवळचा रंग निळसर वाटतो कवाकवा. मी तासतास जवळ बसून पाहाते.

तू शिकलेली हायस म्हणून विचारते. वाढत न्हाई तवा दोष पाण्याचा असतो का शिंपल्याचा? का ज्यानं ठिवला त्याचा? आन आतून काय दुखतं ते शिंपला न फोडता कळतं का? तुमच्या हिंगोलीला तसं पाहाणारं कुणी हाय का?

आकडे मागं लिहिलेत.

रागिणी

०

नरसी नामदेव
३ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुझं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं. "घाम येतो म्हणावं असं" या वाक्यावर सगळे हसले, पण सर म्हणाले, बघा, निरीक्षण असं असतं. जुन्या शिंपेनं दूध पाजतात हे मला प्रबंधात घ्यायचं आहे. ती शिंप कुठल्या पाण्यातली, किती वर्षांची, सासूमायना विचारून कळवशील?

आता तुझ्या प्रश्नांची उत्तरं. तोंड उघडून लगेच मिटणं हे गढूळ पाण्याचं लक्षण आहे. पावसाचा गाळ बसला की थांबेल. निळसर रंग म्हणजे आतल्या शिंपेची झाक, सगळ्यांनाच असते. न फोडता आतलं कळत नाही. आमच्याकडे भिंग आहे, पण त्याच्याखाली ठेवायचा तर तो उघडावाच लागतो. आणि दोष कुणाचाच नसतो, ताई. हेच तर मला सिद्ध करायचं आहे! त्याच डोहातला भाऊ पाझर तलावात खुरटतो आणि धरणात फोफावतो. कोमलकडच्या बारांची वाढ नावाला आहे, इथले पुरानं थांबले, आणि तुझे सगळ्यांत पुढं आहेत. धरणाचं पाणी निवांत आहे, खायला भरपूर आहे. तुझं पाणी चांगलं आहे, ताई. तुझ्या पदरात पडलं ते नशीबवान.

पण एक तक्रार. तू लिहितेस बारकी वाढत नाही, आणि तुझ्याच कागदावर सात नंबर सगळ्यांत वेगानं वाढलेला दिसतो. तसंच व्हायला हवं, लहान शिंपला मोठ्यापेक्षा वेगानं वाढतो हा नियमच आहे. मग तू कशावरून म्हणतेस? डोळ्यांना भास होतात, मापाला होत नाहीत. माप सांगतं ते खरं धर आणि जीवाला घोर लावून घेऊ नकोस.

भाचीला माझा पापा.

मोहिनी

०

शेवरवाडी
१८ ऑक्टोबर

मोहिनी,

आकडे बराबर हायेत. आकड्यात मी चुकत न्हाई. सात नंबर जेवढा वाढला तेवढाच लिहिलाय. तरीबी मी म्हणते बारकी वाढंना. आकडा सात नंबरचा हाय. मी बारकीचं सांगून राहिले. तू नीट वाच. सावकाश वाच.

पाणी निवळून महिना झाला. गाळ न्हाई काही न्हाई. तिचं तोंड मिटणं वाढलंय.

तुला एक मागते. बारकीला कयाधूला परत घेऊन येऊ का? तुझ्याजवळ. मीच घेऊन येते, दुसऱ्या कुणाच्या हातात ती टिकायची न्हाई. पण मी माझ्या मनानं निघते म्हणलं तर इथून कोण सोडंल? तुझ्या पत्रात लिहून आलं पाहिजे की कामाचं हाय, रागिणीनंच घेऊन यावं, लगेच. तेवढं लिहून आलं की मी वाचून दाखवीन. तुझ्या कामाला घरात मान हाय, सासूमायबी सरकारी काम म्हणतात. मग ना म्हणणार न्हाईत. अंगावर पिणारं लेकरू आईसंग येणारच, त्याला नवसबी काय करंल.

दोनच ओळी लिही. पोस्टात टाकू नको, बापूसंग पाठव, लवकर येईल.

दगडी बरी हाय.

रागिणी

०

नरसी नामदेव
२३ ऑक्टोबर

प्रिय ताई,

घाईत लिहिते आहे, उद्या सेमिनार आहे. बापूंना आज कळमनुरीच्या बाजारात शेरडं न्यायची आहेत, ते हे पत्र तुझ्या गावच्या गाडीवाल्याकडे देतील.

नको. काही झालं तरी बारकीला हलवू नकोस. महत्त्वाच्या टप्प्यावर आलो आहोत आणि एक जरी काढला तरी माझे बाराही बाद होतील. शिवाय तिच्याच भल्याचं सांगते: परत उचलली की परत मिटून बसेल, परत रेघ पडेल, आणि अशक्त असेल तर त्यातच जाईल. सात नंबर म्हणजेच बारकी ना? तूच नाव ठेवलंस आणि तूच गोंधळलीस! तिची वाढ उत्तम आहे.

लेकीला सांगतात ना, दिल्या घरी सुखी राहा. तसं तिला सांग, दिल्या पाण्यात सुखी राहा. मी चैत्रात येईन आणि तिला माझ्या हातानं घेऊन जाईन. तोवर तिथंच.

रागावू नकोस. दिवाळीला तुझ्यासाठी साडी घेतली आहे, अंजिरी. भाचीला झबलं, यावेळी लहान मापाचं.

तुझी
मोहिनी

०

नरसी नामदेव
२४ नोव्हेंबर

ताई,

पंधरा दिवस झाले आम्ही तुझ्याकडून परत आलो त्याला. रोज कागद घेऊन बसते.

फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. बापू म्हणाले, "चल, रागिणीकडं जायचंय." काय झालं ते गाडीत सांगितलं. मी अंजिरी साडी आणि झबलं पिशवीत घातलं होतं, घाईत, तुझ्याकडं जायचं म्हणून. ते तसंच परत आणलं.

तू रडली नाहीस. बापूंना पाणी दिलंस, मला पाणी दिलंस, आणि म्हणालीस, "तुझं कॅरेट पाहून घे." मला वाटलं, तुला जरा एकटीला बसायचं असेल. मी घाटावर गेले. सगळे होते. मी सात नंबर हातात घेतला. चांगला तळहाताएवढा झाला होता, जड, कडेला नव्या वाढीची हिरवी पट्टी. मी तो धरून पाण्यात उभी होते आणि मागं भाऊजी आले. माळावरून रात्रंदिवस चालत आले होते, पायांत मेंढरांचीच धूळ. म्हणाले, "आई सांगती, कळमनुरीचे डाक्टर म्हणले, दिलात छेद होता. जन्मापासून. दूध पिताना दमत असंल, घाम येत असंल, ओठ निळे पडत असतील, तुमाला दिसलं न्हाई का म्हणले. पाच महिने काय करून राह्यले तुमी, म्हणले." मग मलाच विचारलं, "तुमी तर शिकलेल्या. असं असतं का ओ, मोहिनी? दुधानं घाम येतो?"

मी शिंपला पाण्यात ठेवला. त्याच्या पाठीवर ऑगस्टमधली काळी रेघ होती, आणि रेघेपुढं सगळं स्वच्छ.

घरी येऊन तुझी पत्रं काढली. यावेळी आकड्यांचा कागद बाजूला ठेवला.

ताई, बारकी कोण होती?

०

शेवरवाडी
१६ डिसेंबर

मोहिनी,

काल पुनव होती. आकडे घेतले, मागं लिहिलेत. बारा हायेत, एकबी मेलेला न्हाई.

तू विचारलं ते तुला कळलंय, मग मी काय लिहू? आता पत्र वाचून दाखवायला कुणी बसत न्हाई, तर आज सगळं लिहिता येतं. आज लिहायला काही न्हाई.

तुझं ऑक्टोबरातलं पत्र मी सासूमायला वाचून दाखवलं होतं. वाचायचं न्हाई म्हणून ठरवलं होतं, पण त्या समोर बसल्या आन माझ्या तोंडातून निघून गेलं. बारकीला हलवू नको, दिल्या पाण्यात सुखी राहा. त्यायनं हात जोडले. म्हणल्या, "पाहा, शिकलेली पोरगीबी तेच म्हणती." त्यायला वाटलं मी उगंच माहेराला लागलेय. का त्यायलाबी तवाच समजलं होतं बारकी कोण ते, मी विचारलं न्हाई. चार दिवसांनी रातच्याला दगडीचं अंग गार पडलं. मग नवस न्हाई, वेस न्हाई, त्या स्वतःच अनवाणी पळत गाडी सांगायला गेल्या. ओरडून राह्यल्या, "काटा आणा, कुठंबी तोला तिला, काहीबी लिहा." कळमनुरीत डाक्टरनं छातीला नळी लावली तवा श्वास चालू होता, मग माझ्या मांडीवरच गेली.

आता सासूमाय घाटावर येऊन बसतात, मी मोजते तवा. काल म्हणल्या, "मलाच लिहू देऊ वाटलं न्हाई गं. माझी तिन्ही लिहिलेली होती, दवाखान्याच्या कागदावर." मी त्यायच्या हातात सरपंचीण दिली, म्हणलं, धरा, कोरडी पडती.

मी रागावले न्हाई असं लिहू का तुला? तीनदा लिहिलं आन खोडलं. तू शिंपल्याचं विचारलं म्हणून शिंपल्याचं बराबर सांगितलं. माझंबी चुकलं, मी सरळ लिहायचं होतं, पण सरळ लिहिलं असतं तर ते पत्र टाकलं गेलं नसतं. हे सगळं मला समजतं. तरी लिहवत न्हाई.

एक विचारायचंय, ह्या वेळी शिंपल्याचंच. उचलल्यावर काळी रेघ पडते म्हणलीस. पुढं किती वर्सं जगतो तो? तेवढ्या वर्सांत ती पुसते का?

रागिणी

०

नरसी नामदेव
५ जानेवारी २०२५

ताई,

पुसत नाही.

बरीच वर्षं जगतो. पुढं वाढत जातो, मोठा होतो, पण ती रेघ तिथंच राहते. मेल्यावर शिंप वाळूत पडली तरी तिच्यावर दिसते. तुला बरं वाटावं म्हणून दुसरं काही लिहावं असं वाटलं होतं. ते करणार नाही. माझ्या गोड उत्तरांनी जे व्हायचं ते झालं आहे.

आकडे जुळले. पाझर तलावात वाढ सगळ्यांत कमी, नदीत मधली, धरणात सगळ्यांत जास्त. सर म्हणाले, एवढा स्पष्ट फरक येईल असं वाटलं नव्हतं. मला सगळं बरोबर आलं, ताई. जे विचारायला मी निघाले होते त्याचं उत्तर मला मिळालं, आणि ज्याचं उत्तर कुणीतरी माझ्याकडे मागत होतं तो प्रश्न मी वर्गात हसण्यासाठी वाचून दाखवला.

सरांना म्हटलं, सात नंबरचे आकडे काढून टाकते. ते म्हणाले, चांगले आकडे कुणी काढतं का?  ठेवले.

 परवा संध्याकाळी बापू शेरडं बांधता बांधता म्हणाले, "मी हातात घेतली होती. हलकी लागली. म्हणलं, पोरीची जात, हलकीच असती." मग दावं गळून पडलं तरी तिथंच उभे राहिले.

तू रागावली नाहीस असं लिहू नकोस. खोडलेलंही पाठवू नकोस. पण एक मागते. तिला सगळ्यांनी दगडी म्हटलं, तू बारकी म्हटलंस, मी तर भाचीच म्हणत राहिले. तू मनात काहीतरी नाव ठेवलं असशील. ते मला एकदा लिही. आता लिहिलेलं घट्ट होण्याची भीती नाही.

मोहिनी

०

शेवरवाडी
१४ जानेवारी

मोहिनी,

आज संक्रांत. सासूमायनं तिळाचे लाडू केले, कुणी खाल्ले न्हाईत. तुला पाठवते.

कॅरेट चैत्रापर्यंत ठेवत न्हाई. पुढच्या आठवड्यात बाराही घेऊन मीच येते, पोत्यात गुंडाळून, तू पाठवले होते तसे. त्यांच्या नदीत सोडून देऊ. रेघ पडंल तर पडू दे. मला आता वेस ओलांडायला कुणी ना म्हणत न्हाई. सासूमाय स्वतः म्हणल्या, जा, जाऊन ये. भाड्याचे पैसेबी हातात ठिवले. येते तवा माझ्यासंग बोललीस तर बोल, न्हाई बोललीस तरी चालंल. रातच्याला जवळ नीज, एवढंच.

नाव तू विचारलंस. पाचवीच्या राती सगळे निजल्यावर तिच्या कानात सांगितलं होतं. ह्यायलाबी माहीत न्हाई. घरचं नाव असावं म्हणून ठिवलं, म्हणजे इथं राहूनबी रोज माहेरी हाक मारल्यासारखं होईल.

कयाधू.